अध्यक्षांची जर्सी आणि नागावची वाळू

शर्यतीला नावं नोंदवली आणि त्याच संध्याकाळपासून आमच्या जिमच्या ग्रुपवर व्यायामाची चर्चा बंद पडली. पुढे कित्येक आठवडे फक्त कपडे. अंगाला चिकटणारे की सैल? घाम शोषणारं कापड की घाम बाहेर टाकणारं? मोजे घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत? कुणीतरी परदेशातल्या एका शर्यतीचा व्हिडिओ टाकला. भलामोठा एसी हॉल, काळेभोर चापूनचोपून बसलेले कपडे, आणि खाली ओळ, ‘आपण असं दिसायला हवं.’ आपण पळणार आहोत ते अलिबागच्या पुढे नागावला, वाळूत, फेब्रुवारीच्या उन्हात, याची आठवण कुणीही करून दिली नाही. मीही नाही. मी तेव्हा मोज्यांच्या बाजूने भांडत होते.

ही शर्यत फंक्शनल फिटनेसची. म्हणजे रोजच्या जगण्यात कामाला येईल अशी ताकद कमावायची आणि मग ती लोकांना दाखवायची. थोडं पळायचं, वजन लादलेली घसरगाडी ढकलायची, पुन्हा पळायचं, वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन गुडघे टेकत चालायचं, पुन्हा पळायचं, दोन्ही हातांत जड वजनं धरून चालायचं, असं शेवटच्या रेघेपर्यंत. आमच्या सोसायटीत गॅसचा सिलिंडर दारातून ओट्याखाली सरकवायलाही सिलिंडरवाल्याच्या विनवण्या होतात. तीच माणसं पैसे भरून पोती उचलायला ठाण्याहून शंभर किलोमीटर निघाली होती, आणि त्यात मी एक होते.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वय पंचेचाळीस, विमा कंपनीत बैठी नोकरी, अंगाने भरलेली. तीन वर्षं नेमाने जिमला जाते. पूर्वी जिना चढताना थांबायचे, आता दोन पिशव्या घेऊन चढते. अंग मात्र आहे तेवढंच आहे. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. आमच्या जिमचे ट्रेनर करणसर, त्यांना वाटतं. सर सव्वीस वर्षांचे, त्यांना पोट या अवयवाचा अनुभव नाही. या शर्यतीत मला एकच गोष्ट हवी होती: आहे त्या अंगानिशी शेवटची रेघ ओलांडायची. कुणाच्या आधी नको, कुणाला दाखवायला नको. माझी जोडीदार वैशाली, आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारी, माझी खरीखुरी मैत्रीण. प्रकार जोडीचा होता. दोघींनी सगळीकडे बरोबर पळायचं, कामं वाटून घ्यायची. एकीने शर्यत सोडली की दुसरीही बाद.

शनिवारी सकाळी लवकर मिनीबसने निघालो. पळस्पे, पेण, वडखळ. वडखळला गोव्याचा रस्ता सोडून उजवीकडे वळलात की पोयनाडमार्गे अलिबाग. शनिवारी आठनंतर निघालात तर वडखळच्या आधी गाडीत बसून सगळ्या नातेवाईकांना फोन करून होतील, तेव्हा पहाटेच निघा. रस्त्याचा कंटाळा असेल तर भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोने मांडव्याला उतरा, खर्च जास्त पण डोकं शांत राहतं. वडखळला गरम बटाटेवडे उतरत होते. सरांनी खाली उतरूच दिलं नाही, गाडीत केळी वाटली. वैशालीने केळं खाताना खिडकीतून वड्यांकडे ज्या नजरेने बघितलं, तसं तिने नवऱ्याकडे कधी बघितलेलं मला आठवत नाही.

नागावला नारळी-पोफळीच्या एका वाडीत आमची सोय होती. खोल्या साध्या, स्वच्छ, समुद्र चालत पाच मिनिटांवर. शनिवार-रविवारी भावात घासाघीस होत नाही, पण जेवण त्यातच असतं आणि ते भरपूर असतं. दुपारी मालकीणबाईंनी सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी असा बेत मांडला. सरांनी सोबत आणलेला उकडलेला पास्ता डब्यातून काढला.

“ह्ये काय?” बाईंनी विचारलं.

“कार्ब्ज,” सर म्हणाले.

“भात हाय की,” बाई म्हणाल्या, “गरम हाय.”

सर हसले. भात तसाच राहिला आणि आम्ही बारा शहाणी माणसं थंड पास्ता चघळत बसलो.

जेवणानंतर सरांनी खोका फोडला. त्यात आमचे टीमचे शर्ट होते. ‘शर्ट सरप्राइज आहे, दुसरे आणू नका’ असं त्यांनी बजावून ठेवलं होतं, म्हणून माझ्या बॅगेत एक सुती कुर्ता आणि एक नाइटी, एवढंच होतं. शर्ट काळा, घट्ट, पूर्ण बाह्यांचा, पाठीवर इंग्रजीत ‘सबबी चालणार नाहीत’ अशा अर्थाची धमकी. माझ्या शर्टाच्या कॉलरवर लिहिलं होतं, एम.

“सर, हा चुकून आलाय.”

“नाही मॅम. हा तुमचा गोल शर्ट आहे, टार्गेट साईजचा. मोटिव्हेशन! उद्या शर्यत झाली की यातच आपण तुमचा ‘बिफोर-आफ्टर’मधला आफ्टर फोटो काढू. जिमच्या दारावर लावायचाय.”

“पण शर्यत उद्याच आहे. एका रात्रीत मी कुठे जाणार?”

“माइंडसेट, मॅम.”

“आणि नाही बसला तर?”

“टीमची एक इमेज असते ना, मॅम. शर्ट नसेल तर टीममध्ये कसं घेणार?”

खोलीत जाऊन मी तो घालायचा प्रयत्न केला. दोन्ही हात वर, डोकं आत, कोपर कुठेतरी अडकलेले. वैशाली खालून शर्ट ओढत होती आणि मी आतून ‘हळू, हळू’ म्हणत होते. काळ्या कापडाच्या त्या अंधारात मला तिचा आवाज आला, “अगं, तसा तुझा साईज मीच सांगितला त्यांना.”

शर्टाच्या आत डोकं असताना माणसाला भांडता येत नाही. आधी बाहेर यावं लागतं. मी आले.

“मला वाटलं तू मनावर घेशील,” ती म्हणाली. “तुझ्या चांगल्यासाठीच केलं.”

“मला विचारलं का नाहीस?”

“तू डबल एक्सएल म्हणाली असतीस.”

“कारण मी डबल एक्सएल आहे, वैशाली.”

ती पलंगाच्या कडेला बसली आणि फोन बघायला लागली. मला फार लागलं ते. करणसरांचं सोडा, ते महिन्याची फी घेतात आणि स्वप्नं विकतात, धंदाच तो. पण ही बाई माझ्या घराची चावी बाळगते. माझ्या मुलाच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी माझ्याइतकीच रडली होती. आणि एवढ्या वर्षांत मला बघत असताना ती मनातल्या मनात माझ्या जागी एक एम साईजची बाई उभी करत होती, तिच्याशीच बोलत होती बहुतेक. अलिबाग स्टँडवरून ठाण्याला एसटी मिळते, तेवढं मी फोनवर बघूनही ठेवलं. गेले असते तर वैशालीही बाद झाली असती, आणि खरं सांगते, त्या वेळी तो विचार मला गोड वाटला.

पण मग घरी जाऊन सांगणार काय? शर्ट झाला नाही म्हणून आले? तीन वर्षं घाम मी गाळला होता, शर्टाने नाही. मी पर्स उचलली आणि रस्त्यावर येऊन अलिबागची मिनीडोर पकडली. मिनीडोर म्हणजे इकडची सहा-आठ माणसं कोंबून नेणारी शेअर रिक्षा. हात केला की थांबते, आणि तुम्ही कितीही जाड असा, ड्रायव्हर ‘अजून एक बसतंय’ म्हणतो. एवढा मोकळेपणा मला दिवसभरात कुठे मिळाला नव्हता.

अलिबागच्या बाजारात बायकांसाठी खेळाचे कपडे शोधणं हा स्वतंत्र व्यायाम आहे. पर्यटकांसाठी अलिबागवर प्रेम जाहीर करणारे जाड सुती शर्ट आहेत, ते एकदा भिजले की सोमवारपर्यंत ओले राहतात. समुद्रावर घालायचे फुलाफुलांचे झगे आहेत. ते घालून घसरगाडी ढकलली असती तर गाडी पुढे आणि झगा मागे. शेवटी एका गल्लीत ‘क्रिकेट जर्सी छापून मिळतील’ अशी पाटी दिसली. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, या पट्ट्यात थंडी पडली की गावोगाव टेनिस बॉलचे सामने सुरू होतात आणि प्रत्येक गावाची जर्सी असते. दुकानभर पोपटी, जांभळ्या, भगव्या जर्स्या लटकत होत्या, प्रत्येकीवर वीज, वाघ किंवा प्रायोजकाचा फोटो. कापड पातळ, जाळीदार, फुंकर घातली तरी हलेल असं.

“टीम कंची, ताई?” दुकानदाराने विचारलं.

“टीम नाही. मी एकटीच आहे.”

“एकीसाठी मशीन न्हाय लावत. अकरा पीस तरी पायजेत.”

“तयार काही आहे का? मोठ्या मापाचं?” मी माप सांगितलं. करणसरांच्या खोलीत जो आकडा दबक्या आवाजात घेतात, तो मी भर दुकानात सांगितला.

“हां, मंग तुम्हाला अध्यक्षांचा साईज लागंल.” त्याने माळ्यावरून एक पिशवी ओढली. “कसं हाय ताई, पोरं सगळी सुकट. पण टीमला अध्यक्ष असतो. तो खेळत न्हाय, बक्षीस वाटायला स्टेजवर उभा राहतो. त्याला जर्सी लागतेच, आणि त्याचं पोट तुम्ही बघितलंत तर...” त्याने हवेत एक गोल काढला. “ह्यो मांडवखार इलेव्हनच्या जनाभाऊंचा. ऐन टायमाला भाऊ शेजारच्या गावच्या टीममध्ये गेले. ऑर्डर माझ्या गळ्यात.”

पोपटी रंग, छातीवर गुलाबी वीज, खाली मोठ्या अक्षरात मांडवखार इलेव्हन. पाठ फिरवली तर तिथे खांद्यापासून खांद्यापर्यंत एकच शब्द: अध्यक्ष.

मी ती कुर्त्यावरूनच घालून बघितली. हात वर केले, खाली वाकले, कुठेही काही अडलं नाही. त्याने दोनशे सांगितले, मी दीडशे दिले, आणि दुसऱ्या दुकानातून मांड्या घासू नयेत म्हणून पेट्रोलियम जेलीची डबी घेतली. ती डबी तुम्हीही घ्या. शर्यतीच्या कपड्यांवर जगभर एवढं लिहितात, पण मांड्या नावाची गोष्ट असते हे कुणी लिहीत नाही.

त्या संध्याकाळी वाडीत पोपटी लावली होती, म्हणजे रंग नव्हे, इकडचा थंडीतला बेत. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, आणि वरून जाळ. टीमने अंड्यांचे पांढरे भाग खाल्ले. मी सगळं खाल्लं. वैशाली माझ्या शेजारी बसली नाही आणि मी तिला बोलावलं नाही.

सकाळी मी जर्सी घालून बाहेर आले तेव्हा सरांच्या चेहऱ्यावरचा माइंडसेट पार गेला. “मॅम, हे काय आहे? फोटोत कसं दिसेल?” मी सरळ नोंदणीच्या टेबलावर गेले आणि शर्टाचा नियम विचारला. तिथल्या मुलीने मान न उचलता सांगितलं, “नंबर छातीवर दिसला पाहिजे. बाकी काहीही घाला.” मी जिमच्या नावावर काट मारायला सांगितली. जोडीचा नंबर तोच राहिला. वैशाली मागेच उभी होती, काळ्या शर्टात, काळ्या टाइट्समध्ये, गुडघ्यापर्यंतच्या काळ्या मोज्यांत. ती एवढंच म्हणाली, “चल.”

मैदान किनाऱ्याला लागून होतं आणि दोरीच्या पलीकडे आजूबाजूच्या गावांतली माणसं रविवारची करमणूक म्हणून जमली होती. शहरातली माणसं पैसे देऊन पोती उचलतात ही बातमी पसरली असणार. आम्ही दोघी पहिल्या फेरीला पळत गेलो आणि दोरीमागून आवाज आला, “आरं, अध्यक्ष!” मग हशा. मग दुसरा आवाज, “मांडवखारचा अध्यक्ष बदलला काय रं?” घसरगाडीपाशी पोचेपर्यंत ओळच्या ओळ ओरडत होती. “अध्यक्ष! अध्यक्ष!” शेजारच्या गावच्या गटाने हुर्यो केली, त्यामुळे मांडवखारवाल्यांना आणखी चेव आला. मी पळताना आयुष्यात कधी कुणी टाळ्या वाजवलेल्या नव्हत्या. या टाळ्या माझ्या नव्हत्या, एका पळून गेलेल्या माणसाच्या होत्या, पण पायांना ते कुठे कळतं.

पिशवी घ्यायला वाकले तेव्हा दोरीला पोट टेकवून उभे असलेले एक गृहस्थ दिसले. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी. आजूबाजूचे त्यांना ढोसत होते. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “ताई, जर्सी माझी हाय. पन तुम्हाला बरी बसली.” ते जनाभाऊ. मी पिशवी खांद्यावर घेतली आणि गुडघा टेकला. मागून त्यांचाच आवाज आला, “थांबू नका अध्यक्ष!”

आमचा बेत असा होता की जड कामांचा मोठा वाटा वैशाली उचलणार, ती माझ्याहून तयारीची आहे. पिशवी मी अर्ध्यावर तिला दिली आणि ती चार पावलांत वाळूत बसली. चेहरा लालभडक. ऊन चांगलंच चढलं होतं आणि ती काळा शर्ट घालून तव्यावर बसल्यासारखी बसली होती. बाह्या वर करायला गेली, त्या कोपराच्या वर सरकेनात. पाणी ओतलं, तर ते त्या कापडातून आत जाईना. पलीकडे आमच्या टीमची काळ्या शर्टातली आणखी दोन माणसं सावली शोधत भटकत होती. सर ओरडत होते, “पुश! पुश!”

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? क्षणभर अगदी मनापासून बरं वाटलं. मग तिने वर बघितलं आणि तिला बोलता येत नव्हतं, तेव्हा मात्र मी घाबरले. प्रथमोपचाराच्या टेबलावर गेले, पट्ट्या कापायची कात्री उचलली आणि परत आले.

“बाह्या कापू का?” मी विचारलं.

तिने सरांकडे बघितलं. महागाचा शर्ट, टीमचा शर्ट, फोटो व्हायचा होता. मी कात्री धरून उभी राहिले. मनात होतं की सरळ कापून टाकावं, तिच्या चांगल्यासाठीच होतं ते. मी हात लावला नाही.

“वैशाली, कापू का?”

“काप,” ती म्हणाली.

खांद्यापासून दोन्ही बाह्या उतरवल्या, गळाही थोडा चिरला. डोक्यावर बाटली ओतली. ती पाचेक मिनिटं बसून राहिली आणि आमच्या पुढून कितीतरी जोड्या गेल्या. मग उठली. उरलेली पिशवी मी नेली, दोन्ही हातांतली वजनं आम्ही थोडी थोडी नेली, आणि शेवटचं पळणं हे चालण्याच्या किती जवळ होतं ते विचारू नका. मंडप उतरवायला माणसं आली होती. रेघ आम्ही ओलांडली. मी रडले, उघड उघड, गुलाबी विजेवर नाक पुसत. मांडवखारच्या बायकांनी मला लिंबू सरबत पाजलं आणि पुढच्या सामन्याला यायचं आमंत्रण दिलं. त्यांना मी खरंच कुणीतरी वाटत होते.

टीमच्या फोटोत सरांनी आम्हाला मागच्या रांगेत उभं केलं. संध्याकाळी तो फोटो जिमच्या पानावर आला तेव्हा मागची रांग कापलेली होती. परतताना वडखळला मी बस थांबवायला लावली आणि वडे खाल्ले. वैशालीनेही खाल्ले. आम्ही मोज्यांतल्या वाळूबद्दल बोललो, वाहतुकीबद्दल बोललो, दुसरं काही बोललो नाही.

कुणी नागावच्या या शर्यतीला जाणार असाल तर कपड्यांचं एवढंच सांगते: पातळ, सैल, फिका रंग, अर्ध्या बाह्या, जुने बूट, जेलीची डबी. मासे आदल्या दिवशीही खा, काही होत नाही. मी जिम बदललेली नाही, घराजवळ दुसरी नाही. दारावर कुणा दुसऱ्याच बाईचा आफ्टर फोटो लागलाय. वैशाली आणि मी अजून जपूनच बोलतो. माफी तिने मागितली नाही, आणि मागितली असती तर मी काय म्हटलं असतं मलाही ठाऊक नाही.

परवा तिचा फोन आला. सोसायटीतल्या बायकांची चालण्याची स्पर्धा आहे, शर्टांची ऑर्डर ती देते आहे.

“तुझा साईज काय लिहू?” तिने विचारलं.

मी सांगितला. पलीकडे पेन खरडल्याचा आवाज आला, मग ती म्हणाली, “लिहिला.”